मुक्कामाच्या गाडीसाठी बॅटरी: सोलापूरच्या उन्हात लिथियम की लेड-ॲसिड?

गाडीत झोपण्याची सोय करून घेतली की पहिला मोठा खर्च बॅटरीचा येतो. करमाळ्याच्या बाजूने उजनीच्या काठावर दोन-तीन रात्री राहायचे म्हटले, तर जवळपास विजेची जोडणी नसते आणि पंखा, दिवे, छोटा फ्रीज, मोबाईल हे सगळे गाडीतल्या बॅटरीवरच चालवावे लागते. अशा वेळी महागडी लिथियम घ्यावी, की घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाण्याची, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरी भागवून नेईल, असे ओळखीतले लोक मला नेहमी विचारतात. माझे मत असे आहे की किमतीचा हिशेब मांडण्याआधी एकच गोष्ट पाहावी: रात्री वापरलेली वीज दुसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत बॅटरीत पूर्ण परत जाते का?

त्यासाठी आधी आपला वापर कागदावर लिहून काढला पाहिजे. आमच्या गाडीतला बारा व्होल्टचा फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि एप्रिलच्या उकाड्यात तो चोवीस तासांपैकी निम्मा वेळ चालूच असतो, म्हणजे ५४० वॅट-तास तिथेच जातात. २८ वॅटचा डीसी पंखा रात्रभरात दहा तास फिरला की २८० होतात, आणि दिवे व मोबाईल मिळून शंभर धरले तर बेरीज ९२० वर येते. १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लावतात ती लेड-ॲसिड) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असली, तरी ती वारंवार निम्म्याच्या खाली उतरवल्यास तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, त्यामुळे हाताशी ९०० वॅट-तासच धरावेत. शिवाय तिच्यावरचा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. मिक्सर किंवा इंडक्शन शेगडीसारखा मोठा भार टाकला की प्रत्यक्षात त्याहून कमी वीज मिळते. याउलट १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, तिचे व्होल्टेज १२.८ असल्याने, १२८० वॅट-तासांची असते आणि त्यातले ८० ते ९० टक्के निर्धास्तपणे वापरता येतात. म्हणजे शंभराची लिथियम दीडशेच्या ट्युब्युलरचे काम करते, आणि वजन पन्नास-साठ किलोंऐवजी बारा-तेरा किलोंच्या आसपास राहते.

तरीही माझ्या दृष्टीने खरा फरक भरण्यात आहे. लेड-ॲसिड बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी लवकर भरते, पण पुढचे वीस टक्के ती अगदी थोडा करंट घेत कित्येक तास भरत राहते. छतावरच्या पॅनेलला चांगले ऊन मिळते ते चार-पाच तास. बॅटरी शेवटच्या टप्प्यावर येते तेव्हा ऊन उतरलेले असते, आणि फ्रीज तर चालूच असतो. असे वारंवार होत राहिले की प्लेटांवर साचलेले लेड सल्फेट विरघळायचे राहून जाते, त्याचे स्फटिक कडक होतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. लिथियम बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट ओढते, आणि अर्धवट भरून ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही.

हे मी आमच्या मेव्हण्यांच्या गाडीत प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या ट्युब्युलरचे पाण्याची पातळी दाखवणारे सहाही तरंगते दांडे वरच्या खुणेवर होते, टर्मिनल स्वच्छ होते, त्यावर पेट्रोलियम जेलीही नीट लावलेली होती; तरी पंखा पहाटे बंद पडायचा. दुकानातल्या अण्णांनी एकेका झाकणातून हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) बुडवला. भरलेल्या ट्युब्युलरला १२४०च्या आसपास आकडा यायला हवा, तिथे बॅटरीच्या प्रत्येक घरात तो ११८०च्या जवळपास थांबत होता. "दादा, बॅटरी खराब नाही, उपाशी आहे," असे म्हणून त्यांनी ती रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली आणि तिच्यात बरीच सुधारणा झाली. महिनोन्‌महिने तशीच राहिली असती, तर तेवढी सुधारणा झाली नसती.

दुसरा मुद्दा आपल्या उन्हाचा. लिथियमविषयी बाहेरच्या देशांतले लेखन वाचले, तर शून्य अंशाखाली ती भरू नये हा इशारा सगळीकडे ठळकपणे दिलेला दिसतो. लडाखला जाणाऱ्याने तो जरूर पाळावा. सोलापुरात मात्र पारा मे महिन्यात ४२-४३ अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते, म्हणून आपल्याला उष्णतेचाच विचार करावा लागतो. लेड-ॲसिडबाबत ढोबळ नियम असा आहे की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते. पाणीही लवकर आटते, आणि भरताना निघणारा हायड्रोजन बाहेर जाण्यासाठी झडप ठेवावीच लागते, कारण बंद जागेत तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. उष्णतेने लिथियमही लवकर म्हातारी होते, आणि ठरावीक तापमानाच्या वर तिचे बीएमएस (बॅटरीतच बसवलेले, तिचे रक्षण करणारे सर्किट) चार्जिंग बंद करते. म्हणून कोणतीही घेतली तरी ती इंजिनाजवळ किंवा पत्र्याला चिकटून न ठेवता बिछान्याखाली, तळाला, हवा खेळेल अशा जागी बसवावी.

शनिवारी रात्री हिप्परगा तलावाकडे जाऊन रविवारी घरी येणाऱ्याने मात्र लिथियमवर पैसे घालू नयेत. घरी आल्यावर बॅटरी मेन्सवर पूर्ण भरता येते, पाणी पाहणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळतो, आणि जुनी परत दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. सलग दोनपेक्षा अधिक रात्री बाहेर काढणाऱ्याने मात्र लिथियमच घ्यावी, असे मी ठामपणे सांगेन.

ती घेताना लिथियम आयर्न फॉस्फेटचीच आहे याची खात्री करावी. तापल्यावर तिच्यातला ऑक्सिजन सहजी सुटत नाही, त्यामुळे माणसे जिथे झोपतात तिथे तीच योग्य. पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा जुना चार्ज कंट्रोलर तसाच जोडू नये, त्यात लिथियमची सेटिंग असलीच पाहिजे आणि इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठी मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरण्याची सोय) बंद असले पाहिजे. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरून) थेट तार ओढू नये, कारण लिथियम इतका करंट खेचते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंटवर मर्यादा ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर घालावा. व्होल्टमीटरवरही विसंबू नये, कारण तिचे व्होल्टेज बराच काळ १३.२च्या आसपासच राहते आणि मग बीएमएस एकदम पुरवठा तोडते. किती वीज उरली हे कळण्यासाठी शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) असलेला मॉनिटर लावावा. आणि शॉर्ट झाल्यास या बॅटरीतून प्रचंड करंट वाहतो, म्हणून तारेच्या जाडीला साजेसा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत बसवून घेतल्याशिवाय गाडी दुकानातून बाहेर काढू नये.