भरत्यात कशात?

रझाकारांच्या काळातली बार्शी विचारली की माझी आजी आधी विहिरीचं सांगायची. "पाणी व्हतं रं, पोहरा नव्हता."

तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. परंडा तालुक्यातलं आमचं गाव निजामाच्या हद्दीत, बार्शी पलीकडे मुंबई प्रांतात. १९४८ च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात जाळपोळ झाली आणि पणजोबांनी रातोरात गाडी जुंपली. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका चुकवून आडरानानं निघाले ते उजाडताना बार्शीच्या अलीकडे एका मळ्यात उतरले. तिथं आधीच बरीच बिऱ्हाडं पडलेली. मळेवाला भला माणूस. विहीर तुमचीच समजा, म्हणाला.

विहिरीला पाणी होतं. पण निघायच्या घाईत दाणे घेतले, अंथरुणं घेतली, देव घेतले आणि पोहरा राहिला आडावर. ज्यांनी आणला होता त्यांचं भरून झाल्यावर मागायचा. मागितला की आधी जात विचारायचे, हेही आजी सांगायची, आवाज जरा खाली करून. दोन दिवसांनी पणजोबा चहावाल्याकडे घासलेटचा रिकामा डबा घ्यायला गेले, तर निजामाचा हाली रुपया बघून तो म्हणाला, हा इथं चालत नाही, कलदार काढा, म्हणजे इंग्रजी रुपया. शेवटी आजीच्या पायातला चांदीचा एक वाळा गेला. बदल्यात डबा, थोडा गूळ आणि वर काही कलदार. दोन्ही बैलांचे कासरे एकमेकांना गाठ मारून डब्याला बांधले, तेव्हा कुठं पाणी वर आलं. दुसरा वाळा अजून आमच्या घरी आहे. एकटाच.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की ती ऐकणंच बंद झालं होतं.

मी पाण्यातला माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा, मग पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराकडे नोकरी. २०१६ साली लातूरला होतो. त्या वर्षाचं लातूर ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख. सगळी वाहिन्यांची माणसं रेल्वेचे फोटो काढत होती आणि आम्ही गल्लीबोळात टँकरच्या खेपा मोजत होतो. तिथं मला रांगेचं व्याकरण कळलं. रांगेत माणूस उभा राहत नाही, भांडं राहतं. घागर, टिपाड, रंगाची बादली, साखळीनं खांबाला बांधलेला निळा ड्रम. आपला ड्रम पुढं सरकवला म्हणून सख्खे शेजारी एकमेकांचे गळे धरायचे.

त्या अनुभवावर पुढच्या वर्षी एका मदतसंस्थेनं मला युगांडात पाठवलं. घरचे म्हणाले, इथला दुष्काळ कमी पडला का?

थोडं तिथलं सांगतो. दक्षिण सुदान हा देश जुलै २०११ मध्ये जन्माला आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या भांडणातून आतल्या आत पेटला. मध्ये तह झाला, तो जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबातच मोडला आणि आग दक्षिणेकडच्या शेतीवाल्या मुलखात पसरली. लोक युगांडाच्या हद्दीत येत राहिले. ऑगस्ट २०१७ मध्ये हा आकडा दहा लाखांवर गेला. बहुतेक बायका आणि लेकरं. मी होतो ती वस्ती पालोरिन्या, नाईलच्या काठची. काजो-केजी भागातली गावंच्या गावं २०१७ च्या सुरुवातीला रिकामी होऊन तिथं आली होती. कित्येक जण चालत.

छावणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तारेचं कुंपण आणि तंबूंच्या ओळी. तसं काहीच नव्हतं. युगांडा निर्वासिताला कुंपणात ठेवत नाही, घरापुरती आणि परसापुरती जमीन देतो. २००६ च्या त्यांच्या कायद्यानं निर्वासिताला काम करता येतं, फिरता येतं. (आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सहीही नाही. हे मला तिकडं जाईपर्यंत माहीत नव्हतं.) मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या मूळ गावकऱ्यांना द्यायचा, असंही धोरण. कूपनलिका खोदली तर ती दोघांची. शहाणपणाची गोष्ट आहे. ज्याच्या रानात लाखभर पाहुणे उतरलेत त्याची विहीर आटली तर तो किती दिवस भला राहील? शिवाय तिथल्या म्हाताऱ्यांना हे नवं नव्हतं. १९७९ मध्ये इदी अमीन पडल्यावर त्या भागातले हजारो लोक उलट दिशेनं सुदानात पळाले होते. आमचा वॉचमन म्हणायचा, तेव्हा त्यांनी आम्हाला जमीन दिली होती.

पाण्याचं काम मात्र हुबेहूब घरचं. नाईलचं गढूळ पाणी पंपानं उचलायचं, तुरटी मारायची, गाळ बसू द्यायचा, क्लोरीन घालायचं आणि टँकरनं टाक्यांवर न्यायचं. आजी माठात तुरटीचा खडा फिरवते तेच, फक्त पोत्यानं. आपल्याकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायला ओटी टेस्ट करतात, नळीतलं पाणी पिवळं होतं. तिथं दुसरी गोळी, पाणी गुलाबी व्हायचं. सकाळी आठला पहिल्या नळावर नळी धरायची, गोळी चुरायची आणि गुलाबी रंगाची वाट बघायची. रंग आला नाही की पोटात गोळा यायचा.

कारण काँगोतल्या गोमा शहरात काय झालं ते आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. १९९४ च्या जुलैत रवांडातून काही दिवसांत लाखो लोक सीमेपलीकडे गोम्याला पोचले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, संडासाचा खड्डा खणता येईना. पटकी आणि हगवणीनं पहिल्याच महिन्यात सुमारे ५०,००० माणसं गेली. मदतसंस्था तिथं रग्गड होत्या, पण कुणी किती काय द्यायचं याचा मेळ नव्हता. त्यातूनच १९९७ पासून स्फिअर नावाचे किमान निकष आले. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी. एका नळावर २५० माणसं, एका हातपंपावर ५००. घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. २० माणसांमागे एक संडास. आपल्याकडे टंचाईत टँकरचा सरकारी हिशोब खेड्यात माणशी २० लिटरचा. म्हणजे कागदावर परंड्याचा दुष्काळी माणूस पालोरिन्याच्या निर्वासितापेक्षा पाच लिटरांनी श्रीमंत. हा हिशोब मी तिथल्या मित्रांना सांगितला तर ते हसले, आणि मग जरा गप्प झाले.

तीन महिन्यांत माझ्याकडच्या गावांचा आकडा १७ लिटरवर गेला. फार खूश होतो. रविवारी घरी फोन केला, आजीला सांगितलं, माणशी सतरा लिटर देतोय, आजी. तिनं विचारलं, "आन् भरत्यात कशात?"

मी म्हटलं, कॅनमध्ये. पिवळे कॅन असतात, वीस लिटरचे.

"किती असत्यात घरटी?"

मी म्हटलं, असतील दोन-तीन. आणि विषय बदलला. तिचं वय झालंय, असं वाटलं. वाटलं ते वाटलं, आता लपवून काय करू.

त्याच सुमारास एक गोष्ट मला खटकत होती. संध्याकाळी नळ बंद करताना टाकीत तिसरा हिस्सा पाणी उरायचं. मी अहवालात लिहिलं की मागणी पूर्ण होत आहे, एक खेप कमी करता येईल. इंजिनिअरच्या अकलेचा हा नमुना. माझ्या वरिष्ठ बाई केनियाच्या. त्यांनी खेप कमी केली नाही. म्हणाल्या, आधी घरोघरी जाऊन बघ.

दुभाषी मुलगा घेऊन गेलो. पाचव्या की सहाव्या घरी एक बाई भेटली, सात माणसांची धनी. नवरा मागं राहिलेला, तो आहे की नाही हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरात पाण्याची भांडी दोन. एक वीस लिटरचा पिवळा कॅन आणि एक तेलाचा पाच लिटरचा, मदतीत आलेल्या गोडेतेलाचा. पिवळ्या कॅनच्या बुडाला चीर. त्यात तिनं साबण दाबून भरला होता. आमच्याकडे गळक्या घागरीला आई हेच करायची. साबण रोज विरघळायचा, रोज नवा दाबायचा. आणि हा साबण म्हणजे महिन्याला हात धुण्यासाठी दिलेल्या वडीतला.

ती काय सांगत होती ते दुभाष्यानं सांगायच्या आधीच मला कळलं होतं. टँकर यायचा दुपारी बाराला. कॅन रांगेत लावायचा, भरला की घरी न्यायचा, रिकामा करायला दुसरं भांडं नाही म्हणून पातेल्यात थोडं, उरलेलं तसंच. ते संपल्याशिवाय कॅन रिकामा होत नाही. पुन्हा आली तर रांग पहिल्यापासून. तीन फेऱ्यांत दिवस मावळायचा. माझे १७ लिटर टाकीत होते. तिच्या घरी माणशी आठ-नऊ पोचत होते.

"मोया फी," म्हणाली. जुबाच्या अरबीत पाणी आहे. मग रिकामा कॅन उचलून माझ्यापुढं उलटा धरला.

त्या रात्री आजीला फोन लावायची हिंमत झाली नाही.

स्फिअरच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं, बरं का. घरटी दहा ते वीस लिटरची किमान दोन भांडी, एक आणायला, एक साठवायला. मी पाइपांचं पान वाचलं होतं, भांड्यांचं नाही. आल्या आल्या लोकांना कॅन मिळाले होते, पण कुणाचे फुटले, कुणाचे वाटेत गेले, आणि सात माणसांच्या घराला मिळालं तेवढंच तीन माणसांच्या घरालाही.

कॅन मागवले, यायला दीड महिना लागला. वाटपाच्या दिवशी मी लातूरचा अनुभव वापरून भांड्यांची नाही तर नावांची रांग लावली, आणि ती चांगली चालली, एवढं श्रेय मी घेतो.

पुढच्या आठवड्यात बाजारात गेलो, तर आमचेच कोरे कॅन विकायला ठेवलेले.

आमच्या ऑफिसात आरडाओरडा झाला. एक तरुण सहकारी म्हणाला, यांना गरजच नव्हती. मी गिरणीवर गेलो. त्या वर्षीच्या मध्यावर पैसा कमी पडला म्हणून धान्याचा शिधा माणशी महिन्याला १२ किलोवरून ६ किलोवर आला होता. मिळायचा तो मका, आख्खा. दळायला पैसे लागतात आणि मका खाऊन पैसे येत नाहीत. मग अर्धा मका विकून अर्धा दळायचा, नाहीतर साबण विकायचा, नाहीतर कॅन. गिरणीवाल्यानं मला दर सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? वाळा. कुणी पणजोबांना म्हणालं असेल का, की पोरीच्या पायात चांदी आहे, यांना कसली आलीय गरज?

काही ठिकाणी शिध्याऐवजी रोख द्यायला सुरुवात झाली होती, ती मला पटते. आमच्या वस्तीत माझ्यासमोर तरी ते झालं नाही. आम्ही एवढंच केलं की टँकर दिवसातून दोनदा आणला, सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी. खेपा तेवढ्याच, पाणी तेवढंच. टाकीत उरायचं बंद झालं.

परत आलो तेव्हा आजी बाजेवर होती, पण बोलायची. तिला कॅनची सगळी गोष्ट सांगितली, साबणाच्या चिरेसकट. ती हसली नाही की "बघ, म्हटलं नव्हतं का" असंही म्हणाली नाही. मी गमतीनं म्हटलं, कायद्यानं बघितलं तर आजी, तू गेलीस तेव्हा निर्वासित होतीस. देशाची हद्द ओलांडली तर निर्वासित, देशातल्या देशात पळाला तर विस्थापित. तू नाका ओलांडलास तेव्हा हैदराबाद भारतात नव्हतं. सतरा सप्टेंबरला पोलीस ॲक्शनपुढं निजाम शरण आला आणि त्यानंतर तोच रस्ता भारतातून भारतात झाला. तिला यात काही रस नव्हता. तिनं वेगळंच सांगितलं, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

ॲक्शन झाल्यावर दिवाळीच्या आसपास ते गावी परतले. घर फुटलेलं, भांडी गेलेली, पोहराही गेलेला. आडावर मात्र एक पोहरा दोरासकट तसाच लटकत होता. मुलाण्याचा. त्यांच्या घराला कडी होती, आत कुणी नव्हतं.

त्या दिवसांत काय झालं ते आपल्याकडे सतरा सप्टेंबरच्या भाषणात येत नाही. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारांनी आमच्या लोकांना पळवलं हे खरं, आणि हेही खरं.

मी विचारलं, मग मुलाणी कुठं गेले?

"कोन जाणं. काही म्हनले सोलापूरला, काही म्हनले हैद्राबादला."

आणि पोहरा?

"आमीच वापरला," आजी म्हणाली. "दोन-तीन वरसं गेला. लई चांगला व्हता."