केरवा, पण टाळी दुसरीकडे

(माजी विद्यार्थ्याचे मनोगत – एस.एस.सी. १९६७ची तुकडी)

'शाळेने मला काय दिलं' असा विषय स्मरणिका समितीने कळवला आहे. माझ्या वर्गातले डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक संस्कारांवर लिहितीलच, आणि ते खरंही असेल. मला शाळेने दिलेली सर्वांत कामाची वस्तू म्हणजे माझं डावं मनगट. बँडपथकात साइड ड्रमचा रोल शिकवताना पी.टी.चे सर डाव्या मनगटावर पट्टी हाणायचे. म्हणायचे, उजवा हात गाढवाचाही चालतो. १५ ऑगस्टच्या संचलनासाठी कमावलेलं ते मनगट मी पुढे कुठे कुठे चालवलं, हे सरांना कळलं असतं तर पट्टी दुसऱ्या जागी बसली असती.

आमची शाळेतली शेवटची तीन-चार वर्षं आणि मुंबईतल्या 'बीट ग्रुप'चा, म्हणजे बीटल्सच्या वळणाची इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांचा, उदय हे एकाच वेळी घडलं. लीड गिटार, ऱ्हिदम गिटार, बेस आणि ड्रम्स, चार पोरं, झाला ग्रुप. जेट्स, मिस्टिक्स, कम्बस्टिबल्स, रिअ‍ॅक्शन, सॅव्हेजेस आणि बंगळूरहून आलेल्या बिद्दूचे ट्रोजन्स. ही नावं आम्ही क्रिकेटच्या संघासारखी पाठ केली होती. नावाचं स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं करायची तेव्हा पद्धत होती. आमच्या ग्रुपचं आपोआप झालं, म्हणून ते नाव इथे देत नाही.

गिरगावातल्या मराठी शाळेतल्या पोरांना हे वेड लागलं कसं? सिनेमातून. १९६५ साली 'गुमनाम' आला. त्याच्या सुरुवातीला क्लबातलं एक गाणं आहे, लक्ष्मी छाया त्यात जिवाच्या आकांताने नाचते. गळा रफींचा, पण पडद्यावर गिटारी घेऊन उभा असलेला बँड खराखुरा मुंबईतला होता – टेड लायन्स अँड हिज कब्ज. घरच्यांना वाटायचं पोरं नाच बघायला पुन्हा पुन्हा जातात. काही जात असतीलही. आमचं लक्ष ड्रम्सवर होतं.

दुसरं कारण भूगोलाचं. शाळेतून निघून ठाकुरद्वारवरून सरळ चालत सुटलं की धोबीतलाव. तिथे जेर महाल, त्यात गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांच्या राहायच्या सामायिक खोल्या, आणि त्या कुडांत राहणारे वादक. कुणी हॉटेलात वाजवणारे, कुणी जहाजावर, कुणी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन किंवा ट्रम्पेट घेऊन जाणारे. हिंदी सिनेसंगीताचा अर्धा वाद्यवृंद त्या परिसरात कपडे वाळत घालायचा म्हटलं तरी चालेल. ही मंडळी नोटेशन वाचणारी. तीन कॉर्डवर गाणी उरकणाऱ्या नव्या पोरांना ती फारशी किंमत देत नसत, आणि त्यांची स्वतःची पोरंच त्या ग्रुपांत असायची. तिथेच फुर्ताडोचं दुकान. काचेआडच्या गिटारीची किंमत विचारायची हिंमत आमच्यात नव्हती. आम्ही ड्रमस्टिकची किंमत विचारून बाहेर पडायचो.

वाद्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आजच्या मुलांना हे खरं वाटणार नाही. परदेशी वस्तूंच्या आयातीवर तेव्हा इतकी बंधनं होती की इलेक्ट्रिक गिटार दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तूच नव्हती. ती कुणाच्या तरी मामाने बोटीवरून आणायची वस्तू होती. बाकीच्यांनी कलकत्त्याच्या गिटारीवर भागवायचं, तिला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे नेणारा भाग, बसवून घ्यायचा. तार तुटली की खालच्या बाजूला गाठ मारून पुन्हा चढवायची. अ‍ॅम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जोडून घ्यायचा. आमचा गणपतीच्या मांडवातल्या लाउडस्पीकरच्या जुन्या पेटीतून उभा राहिला होता. व्हॉल्व्ह गरम झाले की त्यातून आवाजाआधी वास यायचा, आणि माइक हातात घेताना गायक आधी बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून बघायचा. शॉक बसला तर मूठ मिटते आणि धरलेलं सुटत नाही – हे विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं एवढंच त्याच्या लक्षात होतं.

गाणी मिळवायची तीही अशीच. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम लागायचे, ते खरखरीसकट ऐकायचे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये रेकॉर्ड घेण्याआधी बूथमध्ये ऐकायला मिळायची. एकाने कॉर्ड ऐकायचे, एकाने बेस, आणि इंग्रजीत जरा बरे गुण असलेल्याने शब्द उतरून घ्यायचे. आम्हाला सगळे काळ आणि त्यांची रूपं पाठ होती, पण लिव्हरपूलचा माणूस गाताना काय म्हणतो ते कळण्यासाठी त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. जे कळलं नाही तिथे आम्ही तोंडाला येईल ते घालायचो. ऐकणाऱ्यांनाही कळत नव्हतं, त्यामुळे चालून गेलं.

शाळेत आम्ही वाजवलं ते अकरावीच्या स्नेहसंमेलनात. एक नाट्यगीत आणि नकला यांच्या मधल्या वेळेत, फक्त वाद्यं, गाणं नाही, अशा अटीवर मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. रंगीत तालमीला आमचे संगीताचे सर खुर्चीत बसून मांडीवर मात्रा मोजत होते. शहाण्या माणसाने कान झाकावेत असा आमचा आवाज. संपल्यावर ते म्हणाले, "अरे, हा तर केरवा आहे. फक्त टाळी नको तिथे देताय." केरवा म्हणजे तबल्यावरचा आठ मात्रांचा साधा ताल. आम्ही हसलो. पुढे अनेक ड्रमर भेटले, पुस्तकं चाळली, पण दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर भार देण्याचं हे सगळं तंत्र इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नाही. पेटी आणि तबल्यापलीकडे आयुष्यात काही न ऐकलेल्या माणसाने ते एका बैठकीत पकडलं होतं.

कॉलेजात गेल्यावर चर्चगेटच्या रेस्टॉरंटांतली जॅम सेशन्स सापडली. रविवारी सकाळी किंवा दुपारी ग्रुप वाजवायचा, पोरंपोरी नाचायची. दारूबंदीचा कायदा १९४९पासूनचा, परमिटवाल्यालाच दारू मिळायची, त्यामुळे आमच्या वयाची गर्दी कॉफी आणि थंड पेयांवरच असायची. गिरगावातल्या चाळीतून तिथे जाताना पँट कुठली घालायची हा प्रश्न होता, कारण होती एकच. दारात उभं राहिलं की कळायचं, आत सगळे एकमेकांना शाळेपासून ओळखतात, आणि ती शाळा आपली नव्हे. वाजवताना मात्र हे कुणी विचारत नसे. ड्रमर कमी होते.

मग आली स्पर्धा. सिमला नावाची सिगारेट विकण्यासाठी इम्पीरियल टोबॅको कंपनीने 'सिमला बीट' स्पर्धा भरवायला सुरुवात केली. शाळेच्या स्मरणिकेत सिगारेटचं कौतुक शोभत नाही, पण देशभरातल्या ग्रुपना एका व्यासपीठावर आणायचं काम सरकारने केलं नाही, आकाशवाणीने केलं नाही, त्या सिगारेटने केलं. गावोगावच्या फेऱ्या आणि शेवटची षण्मुखानंदमध्ये. हे सभागृह १९६३मध्ये सुरू झालेलं, जवळपास ३,००० खुर्च्यांचं, अभिजात संगीताच्या मैफलींसाठी नावाजलेलं. तिथे शिलाँगचे फेंटोन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर. आम्हाला वाटायचं, गिटारी काय त्या मुंबईतच वाजतात. शिलाँगची पोरं ऐकली आणि आमची मिजास उतरली. १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षी निवडक ग्रुपच्या एलपी निघाल्या. सगळी बातमी आम्हाला कलकत्त्याहून निघणाऱ्या 'ज्युनियर स्टेट्समन'मधून मिळायची. १९६७ ते १९७७ एवढंच आयुष्य लाभलं त्या साप्ताहिकाला, आणि गंमत म्हणजे आमच्या बीटचाही हिशेब साधारण तेवढाच भरतो.

ते का संपलं याबद्दल जुने दोस्त भेटले की वाद होतो. कुणी डिस्कोला दोष देतं, कुणी आणीबाणीला. मला वाटतं, खोट मुळातच होती. ग्रुप मोठा की छोटा हे नक्कल किती हुबेहूब यावर ठरायचं. "सेम टु सेम रेकॉर्ड" ही सर्वांत मोठी दाद होती. त्या एलपींवर स्वतः रचलेली काही गाणी आहेत, चांगली आहेत, पण कार्यक्रमात तीच सुरू झाली की लोक चहाला उठायचे. आणि नक्कलच हवी तर चार माणसांना पैसे देण्यापेक्षा रेकॉर्ड लावलेली स्वस्त, हे हॉटेलवाल्यांना लवकर उमगलं. हे सगळं चालू असताना, जानेवारी १९६८मध्ये, ज्याची आम्ही नक्कल करत होतो तो बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशा वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेला. त्याला आमच्यातला एकही गिटारवाला नको होता. का हवा असेल?

तरी शेवटाआधी एकदा झगमगाट झालाच. सत्तरचं दशक उजाडलं तेव्हा मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा उघड्या माळावरचा महोत्सव झाला. मळवली स्टेशनवर आम्ही मराठी पोरं एरवी उतरायचो ती लोहगड-विसापूरला जायला, पाठीवर शिधा घेऊन. त्या वेळी लांब केसांचे थवे उतरलेले पाहून गावकऱ्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. १९७२मध्ये लेड झेपलिन या इंग्लंडच्या गाजलेल्या बँडमधले पेज आणि प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये येऊन वाजवून गेले. मी तिथे नव्हतो. आज भेटणारा माझ्या वयाचा प्रत्येक जण होता म्हणतो. ती जागा इतकी मोठी नव्हती.

नंतर पांगापांग. बिद्दू तर १९६७लाच लंडनला गेला होता. १९७४मध्ये त्याने केलेलं एक गाणं जगभर गाजलं आणि १९८०मध्ये 'कुर्बानी'तून तो आपल्याकडे परत ऐकू आला. अँग्लो-इंडियन, गोवेकर, पारशी पोरं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आखात अशी गेली. ज्यांना नोटेशन येत होतं ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला लागले. तिथे दिवसाचे पैसे दिवसाला मिळायचे. आमचा बेसवाला गणेशोत्सवात हिंदी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने एवढं कमावलं की आम्ही त्याला नावं ठेवायचं बंद केलं. मी बँकेत चिकटलो.

एका माणसाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा, म्हणजे आपल्याच नाटकवाल्या घरातला. गायक. आधी व्हेल्व्हेट फॉग, मग अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हे ग्रुप, मग १९७४मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधला ज्युडास. आणि १९७८मध्ये पु.लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश. मी ते नाटक बघायला बायकोला घेऊन गेलो होतो. त्या गळ्यातून, त्या फेकीने मराठी शब्द आले तेव्हा मी खुर्चीच्या हातावर ठेका धरला आणि पुढच्या रांगेतल्या काकांनी वळून बघितलं. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांचे न कळलेले शब्द गात होतो. हे दहा वर्षं आधी कुणी केलं असतं, आम्हीच केलं असतं, तर? आमच्यातल्या एकालाही तेव्हा मराठीत गाणं सुचलं नाही, सुचवलं असतं तर आम्हीच त्याला हसलो असतो. २०१४मध्ये नंदू गेला तेव्हा वर्तमानपत्रांत आलं, पण आमच्या गिरगावातल्या नव्या पोरांना तो कोण हे सांगावं लागलं.

ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं. सिमला बीटच्या त्या दोन एलपी परदेशात पुन्हा काढल्या गेल्या आहेत. मूळ प्रतींना तिकडचे शौकीन चांगले पैसे मोजतात असं माझा भाचा सांगतो, आणि माझ्याकडच्या प्रतीकडे आशेने बघतो. १९७०ची आहे, कव्हरवर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, पहिल्या बाजूला तिसऱ्या गाण्यात सुई अडकते. विकायची नाही. शाळेतल्या कुणाला ऐकायची असेल तर जरूर यावं, फक्त येताना रेकॉर्ड प्लेअर घेऊन यावं. माझ्या प्लेअरचा पट्टा गेला आहे आणि लॅमिंग्टन रोडवर तसला पट्टा आता कुणी ठेवत नाही.