मंडळी भरली की

रिकाम्या चर्चमध्ये तबला वाजवून बघावा. आमच्या जालन्यातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये एक ‘धा’ मारला की तो छताला शिवून परत येतो, तोवर पुढचे बोल त्यात मिसळून नुसता काला झालेला असतो. जाड भिंती, उंच छत, टोकदार कमानी हा साहेबी थाट ऑर्गनच्या लांब, संथ सुरांना मानवतो. (त्याच उंचीमुळे मे महिन्यातही आत जरा थंडावा असतो, हा वरकड नफा.) इथे कधी अभंगाचा ठेका धरला जाईल, हे बांधणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार.

आम्ही मात्र दोन्ही गातो. आधी इंग्रजी चालीचं गीत उभं राहून, मग भजन. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी ओवी-अभंगात ख्रिस्त गायला. आमच्या आजीला त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन लुथरने तरी दुसरं काय केलं? लॅटिन गाणं वृंदाने म्हणायचं आणि लोकांनी ऐकायचं, अशी रीत होती. त्याने लोकांच्या भाषेतलं गाणं लोकांच्या तोंडी दिलं. १५२४ च्या पहिल्या छोट्या गीतपुस्तकात गीतं आठच, त्यातली चार त्याची. बाखसारखा थोर संगीतकार पुढे १७२३ पासून मरेपर्यंत लायपझिगला राबला तो याच लुथरन घराण्यात. आम्ही काही लुथरन नव्हे. १९७० साली अनेक प्रोटेस्टंट पंथ मिळून आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात लुथरन आलेच नाहीत. पण गाणं मंडळीचं, हे मात्र त्यांच्याइतकंच आमचंही.

आणि मंडळीवाचून इथे आवाजाचंही भागत नाही. ऐन पेरणीत अर्धी बाकं रिकामी असतात. भजन नुसतं घुमतं, शब्द हाती लागत नाहीत. नाताळला पुण्या-मुंबईची पोरं येतात, सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसते, अंगावर शाली-स्वेटर. एवढी माणसं घुमारा पिऊन टाकतात आणि तोच तबला खणखणीत बोलतो. साउंडवाल्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, अजून दोन स्पीकर लावा.

छताच्या डागडुजीला पैसा उभा राहतो तो हंगामाच्या सणाला. वेदीपुढे ज्वारीची कणसं, डांगर, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की आवारात लिलाव. मागे एका साध्या नारळावर दोन साडू इरेला पेटले आणि बोली पाचशेवर गेली. जिंकलेल्याने नारळ तिथेच फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि पावती फाडणाऱ्या पाळकसाहेबांना म्हणाला, “लिहून ठेवा, पगार झाला की देतो.”