आई-बाबांचा मेडिक्लेम: पैसे भरायच्या आधी काय बघायचं

आमच्या आई-बाबांची पॉलिसी जानेवारीत रिन्यू होते. मी ती फाइल नोव्हेंबरातच बाहेर काढते, फराळाचे डबे रिकामे झाले की लगेच. बाबांना याचं भारी नवल वाटतं. "अगं पैसे भरायचे नि मोकळं व्हायचं, त्यात एवढं वाचायचंय काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण रिन्यूअलचा मेसेज येईपर्यंत थांबलं ना, तर खरंच पैसे भरण्यापलीकडे हातात काही उरत नाही, कारण दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं असेल तर कंपन्या साधारण ४५ दिवस आधी अर्ज मागतात, मग त्यांचे प्रश्न, मेडिकल, जुने रिपोर्ट, यातच महिना जातो. म्हणून नोव्हेंबर.

आता बघायचं काय. बहुतेक लोक दोन आकडे बघतात, कव्हर किती आणि प्रीमियम किती. मी आधी रूम रेंटची ओळ शोधते. जुन्या पॉलिसींमध्ये हमखास लिहिलेलं असतं की खोलीचं भाडं दिवसाला सम इन्शुअर्डच्या, म्हणजे कव्हरच्या रकमेच्या, १ टक्का. म्हणजे ३ लाखांच्या पॉलिसीला दिवसाला ३,००० रुपये. लोकांना वाटतं ठीक आहे, ६,००० ची खोली घेतली तर वरचे ३,००० आपण भरू. तसं नसतं हो! खोली दुप्पट भाड्याची घेतली की सर्जनची फी, ओटी, भूल देणाऱ्याची फी, सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री लागते. समजा ५ दिवस अ‍ॅडमिट, खोलीचे ३०,०००, डॉक्टर आणि ओटी वगैरे १,२०,०००, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट १,००,०००. बिल झालं अडीच लाख. औषधं, तपासण्या, इम्प्लांटला ही कात्री लागत नाही, ते पूर्ण मिळतात, पण बाकीच्या दीड लाखाचे मिळतात ७५,००० आणि उरलेले ७५,००० आपल्या खिशातून. कव्हर ३ लाखांचं, बिल अडीच लाखांचं, तरी हे. आणि वर २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा ठरलेला वाटा, असेल तर मंजूर झालेल्या १,७५,००० मधूनही आणखी ३५,००० जातात. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर उभं राहून हे गणित कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

तर ज्यांच्या पॉलिसीत ही रूम रेंटची अट आहे त्यांनी एक तर कंपनीला विचारायचं की हीच पॉलिसी अट नसलेल्या प्लॅनमध्ये नेता येईल का, नाहीतर निदान अटीत बसणारी खोली किती भाड्याची ते एका चिठ्ठीवर लिहून फाइलला लावून ठेवायचं. आमच्या फाइलवर आत्ता अशीच चिठ्ठी आहे, कारण रात्री दोन वाजता अ‍ॅडमिट करताना "कुठली रूम देऊ" विचारतात तेव्हा कोणालाच काही आठवत नसतं.

दुसरी गोष्ट अगदी फालतू वाटेल पण बघाच. पॉलिसीवर मोबाइल नंबर कोणाचा आहे? आमच्याकडे एजंटचा होता. ईमेलही त्याचाच. म्हणजे कंपनीचे सगळे मेसेज, अटी बदलल्याची पत्रं, सगळं त्याच्याकडे, आणि तो फोन करायचा फक्त चेक न्यायला यायचं असेल तेव्हा. माणूस वाईट नाही, चहा पिऊन तासभर गप्पा मारून जातो, पण नंबर बाबांचाच हवा ना. तो बदलून घेतला, नॉमिनी पण तपासला.

पोर्ट करायचं का हा प्रश्न दर वर्षी येतोच. दादा तिकडून कुठल्यातरी नव्या कंपनीची लिंक पाठवतो, यात रूम रेंटला लिमिट नाही, यात बोनस जास्त, वगैरे. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या पुढच्या माणसाने फार विचार करून पोर्ट करावं. जुनी कंपनी मागच्या क्लेमचं कारण सांगून रिन्यूअल नाकारू शकत नाही, पण नवी कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकते, आणि शुगर-बीपी-अँजिओप्लास्टी असलेल्यांना म्हणतेही. पोर्ट केल्यावर जुनी वर्षं धरली जातात हे खरं, पण जुन्या कव्हरइतकीच. ३ लाखांचं १० लाख केलं तर वरच्या ७ लाखांना वेटिंग पीरियड, म्हणजे जुन्या आजारांचे क्लेम मिळायला थांबायची वर्षं, पुन्हा शून्यापासून. त्यामुळे नव्याकडून लेखी होकार येत नाही तोपर्यंत जुनीचे पैसे भरायचे थांबवायचे नाहीत, ग्रेस पीरियडच्या, म्हणजे तारीख उलटल्यावर पैसे भरायला मिळणाऱ्या जादा दिवसांच्या, भरवशावर तर मुळीच राहायचं नाही, कारण त्या मधल्या दिवसांत काही झालं तर केवढ्याला पडेल.

नियम मात्र आता बरे झालेत. १ एप्रिल २०२४ पासून आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षंच थांबवता येतं, आधी ४ होती. पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल तर "तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता" म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. हे आधी ८ वर्षं होतं. आणि २०२५ च्या जानेवारीत इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की साठीच्या वरच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी बोलायचं.

पण म्हणून फॉर्मवर आजार लपवायचे असं नाही. आमचे बाबा सगळ्यांना सांगतात "साखर थोडीशीच आहे", सकाळ-संध्याकाळ गोळी चालू, तरी थोडीशीच! सुपर टॉप-अपचा फॉर्म भरताना एजंट म्हणाला ते लिहू नका, उगाच अडकेल. मी गोळीच्या नावासकट लिहिलं. प्रीमियम थोडा वाढला, वाढू दे.

हो, सुपर टॉप-अप. मूळ पॉलिसी मोठी करण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. वर्षभरातली बिलं मिळून ठरलेल्या रकमेच्या, म्हणजे समजा ५ लाखांच्या वर गेली की ते चालू होतं. नुसता टॉप-अप घेऊ नका, त्यात बऱ्याचदा प्रत्येक अ‍ॅडमिशन वेगळं धरतात, आणि म्हाताऱ्या माणसांचं एकच मोठं बिल क्वचित येतं, दोन-तीन मध्यम येतात.

आता गंमत जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. बाबा खूश, प्रीमियम कमी झाला म्हणून. पण मागची पावती शेजारी ठेवून बघा. मागे ४०,००० अधिक ७,२०० जीएसटी भरला असेल आणि आता ४४,००० मागत असतील, तर ३,२०० वाचल्यासारखे दिसतात खरे, पण मूळ प्रीमियम १० टक्क्यांनी वाढलाय. दर वर्षी जीएसटी वगळून आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे वाढ कळते. प्रीमियमवरची इन्कम टॅक्सची सूट, जिला ८० डी म्हणतात, ज्येष्ठांसाठी ५०,००० पर्यंत आहे, पण जुन्या टॅक्स रेजीममध्येच, आणि पैसे रोख भरलेले चालत नाहीत.

बाबांची सत्तरी पार झालीय म्हणून सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घेतलं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यावरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, घरातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, आणि खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. वेटिंग पीरियड नाही. फक्त ते यादीतल्याच हॉस्पिटलमध्ये, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल यादीत असेलच असं नाही, तेव्हा कार्ड आहे म्हणून मेडिक्लेम बंद करू नका. बाबांनी ते लगेच सुचवलं होतं अर्थात.

तर यंदा जुनी पॉलिसी तशीच ठेवली, वर सुपर टॉप-अप घेतला, पोर्टचा विषय बंद. अडलंय ते आईच्या मोतीबिंदूवर. पॉलिसीत एका डोळ्याला ठरावीकच रक्कम मिळते, आणि डॉक्टर जी लेन्स म्हणतायत ती त्याच्या वर जाते. कंपनीला मेल टाकलाय की नक्की किती मंजूर होतील ते लेखी द्या. आई म्हणते साधी लेन्स टाका, मला कुठे सुईत दोरा ओवायचाय, बाबा म्हणतात चांगलीच टाकायची, फरक मी भरतो. दोघांचं यावर रोज वाजतंय.