रोप उभे असताना आलेला आदेश

७ डिसेंबर २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने कांद्याच्या निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घालणारी अधिसूचना काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बातमी गावोगावी पोहोचत असताना मी नाशिक जिल्ह्यातील एका बाजार समितीच्या आवारात उभी होते. पुण्यातील एका संशोधन संस्थेत शेतमालाच्या भावांवर मी काम करते आणि त्या आठवड्यात आमची पाहणी तिथे चालू होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले होते. त्या निर्णयानंतर कांदाचाळीतल्या, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमधल्या, साठ्याचे शेतकऱ्यांनी काय केले, एवढाच आमच्या पाहणीचा विषय होता.

आवारात लाल कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांची रांग लागलेली होती. लिलाव सुरू झाला तेव्हा व्यापाऱ्याने पहिल्या ट्रॉलीतले चार कांदे उचलले, बोटांनी दाबून पाहिले आणि आदल्या दिवसाच्या भावाच्या इतक्या खालून बोली केली की ट्रॉलीवर उभा असलेला तरुण एक शब्दही न बोलता खाली उतरला आणि त्याने ट्रॅक्टर रांगेबाहेर काढला. त्याच्या मागच्यानेही तेच केले. थोड्याच वेळात लिलाव बंद पडला, घोषणा सुरू झाल्या आणि बरेच जण चांदवडकडे निघाले, जिथे त्या दिवशी शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. ज्याने ती पहिली बोली केली होती त्या व्यापाऱ्याशी मी नंतर बोलले. त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. "मॅडम, बाहेर जाणारा माल आता देशातच खपवायचा. आज घेतलेल्या कांद्याला उद्या काय भाव लागेल, हे मला कुणी सांगेल का? मग मी आज कशावर बोली करू?" त्याला साठेबाज म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्या सकाळी त्याच्याही हातात काही नव्हते.

सरकारची अडचण खोटी होती, असे मला म्हणायचे नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, खरिपाच्या लागवडी लांबल्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. शहरांत कांदा साठ रुपये किलोच्या पुढे गेला होता. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात हा भाव जाणवतो आणि तो खाली आणणे हे सरकारचे काम आहे. प्रश्न असा की, हा भाव खाली आणण्यासाठी नेमका कोणाच्या मालाचा भाव पाडला गेला. डिसेंबरमध्ये बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त असते, तो टिकत नाही, चाळीत भरून ठेवता येत नाही. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. म्हणजे ज्याला एक दिवसही थांबणे परवडत नाही, त्याच्याच मालावर बंदी आली. ज्यांच्याकडे थांबण्याची सोय होती त्यांचा उन्हाळ कांदा, म्हणजे रब्बीचा टिकणारा कांदा, तोवर जवळजवळ संपलेला होता.

दुपारी मी पाहणीच्या यादीतल्या एका शेतकऱ्याकडे गेले. त्यांची चाळ रिकामी होती. तळाशी मोड आलेले थोडे कांदे आणि वाळलेली पात उरली होती. माल कधी विकला, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "ऑगस्टात शुल्क लागलं तसा सगळा काढून टाकला, ताई. म्हटलं, आता अजून काय काय लावतील कुणास ठाऊक." सरकारी खरेदीचा २,४१० रुपये क्विंटलचा दर त्याच महिन्यात जाहीर झाला होता, पण त्यांच्या मालापर्यंत तो पोहोचला नाही. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाव चढला तेव्हा त्यांच्या चाळीत विकायला काहीच नव्हते. शहरातल्या ग्राहकाला ज्या महिन्यांत कांदा हवा होता, नेमक्या त्याच महिन्यांसाठी राखलेला साठा शुल्काच्या धास्तीने आधीच बाहेर पडला होता. आमच्या प्रश्नावलीत हे उत्तर आधीही आले होते, पण रिकाम्या चाळीत उभे राहून ते ऐकल्यावर त्यातली साखळी मला लख्ख दिसली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट चाळीच्या मागे होती. तिथे वाफ्यांत उन्हाळ कांद्याचे रोप उभे होते, हातभर नाही पण लागवडीला आलेले. उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागवड होते, मार्च ते मे या काळात काढणी आणि मग तोच कांदा चाळीतून दिवाळीपर्यंत देशाला पुरतो. देशाच्या वर्षभराच्या उत्पादनात या रब्बी पिकाचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. म्हणजे पुढच्या दिवाळीत कांदा किती असेल, हे ज्या आठवड्यांत शेतात ठरत होते, त्याच आठवड्यांत ही बंदी आली. माझ्यासमोरच्या शेतकऱ्याचा बेत चार एकरांचा होता. आम्ही बोलत असतानाच मजुरांच्या टोळीच्या मुकादमाचा फोन आला आणि त्यांनी दोन एकरांच्या लागवडीचे उक्ते (ठोक मजुरीवर दिलेले काम) कायम ठेवून बाकीचे रद्द केले. उरलेल्या रोपाचे काय करणार, असे मी विचारले. "कुणी मागितलं तर देऊ, नाहीतर नांगर घालू. तिथं मका टाकतो. मक्यावर तरी कुणी बंदी घालत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता.

एका शेतकऱ्यावरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि त्या वर्षी विहिरींना पाणीही कमी होते. तरीही मार्च २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेला कांदा उत्पादनाचा पहिला अंदाज पाहा: आदल्या वर्षीच्या सुमारे ३०२ लाख टनांच्या जागी सुमारे २५५ लाख टन, आणि या घटीतले ३४ लाख टन एकट्या महाराष्ट्रातले. यात दुष्काळाचा भाग किती आणि धोरणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण जो निर्णय लागवडीच्या तोंडावर भाव पाडतो तो पुढच्या पिकाचे क्षेत्रही घटवतो, याबद्दल मला शंका उरलेली नाही. मार्चनंतरही लांबवलेली बंदी ४ मे २०२४ रोजी ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून उठली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरांत कांदा पुन्हा साठ रुपयांच्या वर गेला. ज्या ग्राहकासाठी एवढे सगळे केले, त्याला वर्षभरात पुन्हा तोच भाव मोजावा लागला.

या निर्णयांचा आणखी एक परिणाम आपल्या सीमेबाहेर घडतो आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच अचानक बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या उद्योजकांच्या सभेत सांगितले होते की, त्यांनी आपल्या स्वयंपाक्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितले आहे, आणि पुढच्या वेळी आधी कळवावे. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा बंदी आली आणि कांद्याचे ट्रक सीमेवर उभे राहिले. असा अनुभव आलेला देश दुसरा पुरवठादार शोधतो आणि स्वतःची लागवड वाढवतो. गेलेला ग्राहक अधिसूचना मागे घेतल्याने परत येत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून उरलेले २० टक्के शुल्कही उठले. त्याच्या आधीच, २१ मार्चला, लासलगावात सर्वसाधारण भाव १,३३० रुपये क्विंटलपर्यंत खाली आला होता आणि नव्या उन्हाळ कांद्याची आवक वाढत होती. आमच्या अहवालात आम्ही एकच मागणी ठळकपणे मांडली आहे: निर्यातीबाबत जो काही नियम करायचा असेल, तो उळे टाकण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेर जाहीर करावा आणि त्या पिकाचा शेवटचा कांदा चाळीतून बाहेर पडेपर्यंत बदलू नये. साठ्याची खरी आकडेवारी मिळण्यासाठी चाळींची नोंद सरकारी पीक पाहणीबरोबरच व्हावी, हेही आम्ही सुचवले आहे. आता रब्बीच्या पुढच्या पाहणीसाठी आम्ही प्रश्नावलीत नवा प्रश्न घातला आहे: लागवडीचे क्षेत्र ठरवताना तुम्ही कोणत्या सरकारी निर्णयाचा विचार केला, आणि तो तुम्हाला कोणत्या तारखेला कळला?