लांडगा आला रे आला, पण दीड मैलावर

ऑक्टोबरात आईबाबा अमेरिकेत आले होते तेव्हा यलोस्टोन नॅशनल पार्क केलं. गरम पाण्याचे फवारे, रंगीत कुंडं वगैरे सगळ्यांनी रील्समध्ये बघितलेलं असतं, त्यावर मी काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते तिथल्या लामार व्हॅलीतल्या एका सकाळबद्दल.

पार्कच्या वेशीवरच्या गार्डिनर गावातल्या हॉटेलातून पहाटे पाचला निघालो. आईने पांघरुणातूनच "तुम्ही जा, मी इथे बरी आहे" सांगून टाकलं. बाबा मात्र स्वेटरवर स्वेटर चढवून तयार, वर पुटपुटत होते की आयुष्यभर लांडग्याला हाकलायला उठलो, बघायला पहिल्यांदाच उठतोय. बाबांचं गाव सोलापूरकडचं, माळरानाचं. तिकडे अजूनही लांडगे आहेत आणि मेंढरू गेलं की धनगर रात्रभर जागतात.

लामारला पोचलो तेव्हा उजाडत होतं. एका पार्किंगपाशी आठदहा गाड्या, लोक ट्रायपॉडवर दुर्बिणी लावून गप्प उभे, म्हणजे काहीतरी आहे हे कळलंच. एका आजोबांनी (त्यांना रोज येणारे सगळे ओळखत होते) काही न विचारता बाबांना दुर्बीण दिली. दीड मैलावर बर्फात मेलेला एल्क, म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही दांडगं हरीण, त्याच्यावर एक ग्रिझली अस्वल ठाण मांडून बसलेलं आणि भोवती पाच लांडगे, त्यातले दोन काळेकुट्ट, पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडलेले. शिकार त्यांची, जेवतंय अस्वल. बाबा म्हणाले, "दुसऱ्या पंगतीची वाट बघतायत." कावळे मात्र पहिल्याच पंगतीत घुसले होते.

गाडीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना (बाहेर खायचं नाही, अस्वलं आहेत) बाबांनी विचारलं, इथे सरकारने लांडगे आणून सोडले म्हणजे आधी नव्हते का? होते की. सरकारनेच मारून संपवले, शेवटचे 1926 मध्ये. मग एल्क एवढे वाढले की झाडांची कोवळी पालवी शिल्लक राहीना, आणि 1960 च्या दशकाच्या शेवटापर्यंत पार्कवाले स्वतःच बंदुका घेऊन एल्क मारायचे नाहीतर पकडून बाहेर पाठवायचे. शेवटी 1995 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टातून 14 लांडगे आणले, पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातून 17. आणल्या आणल्या सोडले नाहीत, अडीचएक महिने कुंपणात ठेवले, नाहीतर पळत सुटले असते घराकडे. आता शंभराच्या आसपास आहेत.

लांडगे आणले तेव्हा पार्कच्या उत्तरेकडच्या कळपात 19 हजारांच्या आसपास एल्क होते, 2013 पर्यंत 4 हजारांवर आले. आता हे सगळं श्रेय लांडग्यांचं असं इंटरनेटवर छातीठोकपणे सांगतात, मीही तेच ऐकून गेले होते, पण अस्वलं वाढली, प्यूमा (तिकडचं मोठं रानमांजर) परतले, पार्कबाहेर शिकारी होतेच, मध्येच दुष्काळ पडला, असं सगळं मिळून झालंय ते. आणि लांडगे आले, एल्क घटले, काठची झाडं वाढली नि नद्या सुधारल्या हा जो फेमस किस्सा आहे ना, तो तर मला तिथे ओढ्याकाठी उभं राहिल्यावर जरा जास्तच गोड वाटायला लागला. विलोची झुडपं (आपल्या वाळुंजाच्या कुळातली) काही ठिकाणी डोक्याच्या वर, काही ठिकाणी अजून कमरेएवढी. कारण मधल्या काळात विलो नाही म्हणून बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी) गेले, बीव्हर नाहीत म्हणून त्यांचे बांध गेले, ओढे खोल खणत गेले आणि काठची जमीन कोरडी पडली, आता एल्क कमी झाले तरी मुळांना पाणीच पोचत नाही. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांनी 20 वर्षं प्रयोग केला, एल्क अडवायला कुंपण घातलं, बीव्हरसारखे बांध माणसांनी घातले. जिथे कुंपण आणि पाणी दोन्ही, तिथे विलो तरारली. नुसत्या कुंपणाने फार फरक नाही. लांडग्याला बांध घालता येत नाही हो!

बाबांनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढरंवाल्यांना पैसे देतात का?" देतात म्हटलं, पण कटकटी आहेत. "मग आपल्यासारखंच की."

आठ वाजता अस्वल उठून झाडीत गेलं. पंगत उठली. बाबांनी दुर्बीण सोडली नाही, मागे चार लोक ताटकळले होते, मलाच ओशाळल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर गार्डिनर जवळ आल्यावर रेंज आली तसा काकाला फोन. तिकडे रात्रीची जेवणं चाललेली.

"लांडगं बघितलं बघ. पाच. आरं न्हाई, पिंजऱ्यात न्हाई... हाकललं? छ्या, हितं रांग लावून बघत्यात!"