जिन्यातल्या चपला

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी कम्युनिटी पोस्टिंगला मला कोल्हापुरातली पंचगंगेच्या अंगाची एक गल्ली मिळाली. काम डेंग्यूच्या सर्वेक्षणाचं. हातात बॅटरी आणि वही.

"आमच्या बॅरलात किडं न्हाईत वं बाई," म्हणत काकूंनी झाकण काढलं. बॅटरी मारली तशा चार-पाच अळ्या वळवळत तळाला पळाल्या. काकू गप्प. मग चहा. 60 पैकी 9 घरांत अळ्या, म्हणजे हाऊस इंडेक्स (शंभर घरांमागं अळ्यांची घरं) 15. हे सोपं होतं, घरं काही हलत नाहीत.

घोळ झाला माणसांचा. दोन महिन्यांत तपासणीत डेंग्यू निघालेले आमच्याकडं 7, शेजारच्या गल्लीत 9. साथ तिकडंच जास्त, असं सगळ्यांचं मत. मी घरटी 4 धरून लोकसंख्या 240 ठोकून दिली. मॅडमनी लाल रेघ मारली. "मोजलीस?"

परत दारोदारी. एका घरमालकानं वरच्या दोन खोल्यांत कॉलेजची पोरं ठेवलेली. "चारच लिवा, घरफाळा वाढंल." जिन्यात चपलांचे 11 जोड होते. पोरांना विचारलं, तर खरंच 11. गल्लीची बेरीज निघाली 291, म्हणजे हजारी 24 रुग्ण. शेजारची गल्ली मैत्रिणीनं मोजलेली: 480 माणसं. हजारी 19 पण भरेना!

काकूंचा वेगळाच हट्ट. "माझी शुगर बी लिवा की, बारा वर्सं झाली." परीक्षेत मी कायम अडखळायचे ते इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्स मला काकूंमुळं कळलं. ठरावीक काळात नव्यानं आजारी पडले ते इन्सिडन्समध्ये. आज मोजताना आजार असलेले सगळे, जुने-नवे, प्रिव्हलन्समध्ये. डेंग्यू आठवडाभरात बहुधा उतरतो. शुगर जात नाही, गल्लीत साठत जाते. गोळ्या चांगल्या मिळाल्या, माणसं जास्त जगली, की प्रिव्हलन्स उलट वाढतो. हे मला दोनदा वाचावं लागलं.

ताप कधी आला, याची तारीख कुणालाच आठवेना. "गणपती गेलं त्येच्या दुसऱ्या दिवशी," अशी उत्तरं. कॅलेंडर घेऊन कुठल्या दिवशी किती जणांना ताप आला, याचा आलेख काढला. जेवणावळीतनं बाधा झाली असती तर एक-दोन दिवसांत एकच उंच सुळका दिसला असता. इथं आठवड्यांवर पसरलेले बुटके ढिगारे. डासाच्या पोटात विषाणू पिकायला 8 ते 12 दिवस, माणसाला ताप यायला आणखी 4 ते 10; म्हणून ढिगारे असे लांबत जातात.

शेवटच्या फेरीला काकूंचं बॅरल उन्हात उपडं घातलेलं. घरमालकानं मात्र दार उघडलं नाही.